स्फोटाचा आवाज कुठून आणायचा?

पत्र

ताई,

मी अकरावीत आहे. इतिहासाच्या सरांनी या वेळी प्रकल्पवही नको म्हटलं, पॉडकास्ट करा म्हणाले. दोघी-दोघींचा गट, दहा मिनिटं, विषय आपला आपण शोधायचा. आम्ही 1883 मधला क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक घेतला. मी चार दिवस बसून तेरा पानं लिहिली. वाचून रेकॉर्ड केलं तर बावीस मिनिटं भरली. सरांनी त्यातली तीन मिनिटं ऐकली आणि म्हणाले, ‘हा निबंध आहे, तू तो मोठ्याने वाचतेयस.’

माझी मैत्रीण म्हणते की त्यात स्फोटाचा आवाज टाकू, मागे धडधडणारं संगीत टाकू आणि एक कोळी घालू, जो ‘मी त्या दिवशी समुद्रावर होतो’ असं सांगेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाही. मृतांचा आकडा एका ठिकाणी 36,417 मिळाला, दुसरीकडे 1,20,000. कुठला घेऊ? आणि शेवटचं म्हणजे मला माझा स्वतःचा आवाज ऐकवत नाही. मैत्रिणीचा चालतो, माझा नको वाटतो. सोबत पहिलं पान पाठवते आहे. दहा दिवस उरलेत.

— रेकॉर्डच्या बटणापाशी अडकलेली

ता. क. लांबवर आवाज ऐकणाऱ्या पोलीसप्रमुखाचं नाव सातव्या पानावर एका ओळीत आहे, पाचव्यावर ‘लाउडन’ जहाजाची गोष्ट. बाकी पानांत जहाजांचे कप्तान, डच अधिकारी आणि इंग्रज शास्त्रज्ञ.

उत्तर

तुझं पहिलं पान मी मोठ्याने वाचून पाहिलं. दुसऱ्याच वाक्याला दम लागला. ते वाक्य असं :

‘क्राकाटोआ हा जावा व सुमात्रा या बेटांदरम्यान असलेल्या सुंदा सामुद्रधुनीत वसलेला ज्वालामुखी असून दि. 26 व 27 ऑगस्ट 1883 रोजी त्याचा प्रचंड उद्रेक झाला, ज्यामध्ये सुमारे 36 हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले तसेच त्याचा आवाज 4,800 किलोमीटर अंतरावर ऐकू गेला.’

माहिती चुकलेली नाही. (‘सुमारे’ आणि ‘हून अधिक’ एकत्र नांदत नाहीत, पण ते सोड.) अडचण अशी की हे वाक्य डोळ्यांसाठी लिहिलंय. वाचणारा मध्येच अडखळला तर मागे जाऊन पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही, आणि तो त्या वेळी बहुधा दुसरंच काहीतरी करत असतो. ‘असून’ आलं की त्याला कळतं, वाक्य अजून संपत नाही. ‘ज्यामध्ये’ला तो कंटाळतो आणि ‘तसेच’पाशी सुटतो. संपूर्ण स्क्रिप्टमधले ‘असून’, ‘तसेच’, ‘सदर’, ‘उपरोक्त’ शोध आणि जिथे जिथे सापडतील तिथे पूर्णविराम दे. एवढ्यानेच निम्मा निबंध गळून पडेल. ‘झाले, केले, गेले’चं ‘झालं, केलं, गेलं’ कर. मैत्रिणीला फोनवर सांगताना तू ‘मृत्युमुखी पडले’ म्हणत नाहीस, ‘गेले’ म्हणतेस.

पण नुसती भाषा मोकळी करून भागणार नाही. सरांना जे खटकलं ते त्याच्याही मागचं आहे, आणि तुला कोळी पटत नाही त्याचं कारणही तेच आहे असं मला वाटतं. तुझ्या तेरा पानांत काय घडलं ते सगळं आहे. आपल्याला ते कुठून कळलं, हे कुठेच नाही. पाठ्यपुस्तकाचा आवाज असाच असतो, आभाळातून आल्यासारखा. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये मात्र ते ‘कुठून कळलं’ ऐकू आलं पाहिजे. तळटिपा तिथे देता येत नाहीत, म्हणून त्या गोष्टीतच विणाव्या लागतात. आणि खरं सांगू का, बऱ्याच वेळा तळटीपच मूळ मजकुरापेक्षा जास्त रंगते.

तुझ्याच वाक्याचा शेवटचा तुकडा घे : आवाज 4,800 किलोमीटरवर ऐकू गेला. कोणाला? तू सातव्या पानावर एका ओळीत लिहिलंयस म्हणतेस ते नाव पहिल्या मिनिटात आण. मी लिहिलं असतं तर साधारण असं :

‘हिंदी महासागरात रॉड्रिग्ज नावाचं एक छोटं बेट आहे. ऑगस्ट 1883. तिथल्या पोलिसांचे प्रमुख आहेत जेम्स वॉलिस. रात्री त्यांना आवाज येतात. पूर्वेकडून. लांब कुठेतरी तोफा डागाव्यात तसे. वॉलिस तशी नोंद करतात. पण पूर्वेला तोफा नाहीत. पूर्वेला समुद्र आहे. चार हजार आठशे किलोमीटर, नुसता समुद्र.’

यात ज्वालामुखीचं नावसुद्धा आलेलं नाही. ऐकणाऱ्याला विषय माहीत असतो, तरी तो थांबतो, कारण त्या माणसाला अजून माहीत नाही. शिवाय हे आपल्याला कुठून कळलं तेही आलंच : एका पोलीस अधिकाऱ्याने लिहून ठेवलं म्हणून.

आता याच नोंदीचं एक मजेशीर प्रकरण. तुला सगळीकडे वाचायला मिळेल की स्फोटानंतर चार तासांनी रॉड्रिग्जला एक प्रचंड धमाका ऐकू आला. वॉलिस यांच्या नोंदीत असा एकच धमाका नाही. 26 आणि 27 च्या दरम्यानच्या रात्री अनेकदा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, तीन-चार तासांच्या अंतराने आवाज येत राहिले असं तिथे आहे. ‘चार तास’ हे गणित आहे. हवेत आवाज तासाला साधारण 1,230 किलोमीटर जातो. 4,800 ला त्याने भागून बघ, चार तासांना थोडे कमीच येतील. गणित बरोबर आहे, फक्त पुढे सांगणाऱ्यांनी गणित आणि साक्ष यांची एकच गोळी करून टाकली. हे तुझ्या दहा मिनिटांत येऊ दे! मैत्रीण वॉलिस यांची नोंद वाचेल, तू भागाकार करशील, आणि दोन्ही नेमके कुठे जुळत नाहीत तेही सांगाल. दोघींच्या गटाला याहून चांगलं काम मला सुचत नाही. एकीने एक परिच्छेद वाचायचा, दुसरीने पुढचा, असं केलंत तर ती निबंधाची वाटणी होते.

वेळेची एक खाच जाता जाता सांगते, कारण इथे मी स्वतः एकदा पडले आहे. सर्वांत मोठा स्फोट 27 ऑगस्टला सकाळी 10 वाजून 2 मिनिटांनी झाला असं तू लिहिलंयस. ही वेळ तिथली. त्या काळी जगभर एकसारखे वेळेचे पट्टे नव्हते, शून्य रेखांश ठरवणारी वॉशिंग्टनची परिषद 1884 ची, म्हणजे पुढच्या वर्षीची. रॉड्रिग्जचा सूर्य क्राकाटोआच्या जवळजवळ पावणेतीन तास मागे. तेव्हा आवाज चार तास प्रवास करून पोचला तरी बेटावरच्या घड्याळात सव्वाअकराच्या आसपासच वाजले असतील. ‘दुपारी दोन वाजता रॉड्रिग्जला ऐकू आला’ असं लिहिलं असशील तर आधी ते बदल.

नकाशाही शेजारी उघडा ठेव. 1960 च्या दशकातल्या एका इंग्रजी चित्रपटाच्या नावातच क्राकाटोआ जावाच्या पूर्वेला टाकलंय. ते पश्चिमेला आहे. एवढ्या मोठ्या पडद्यावर चूक होते, तर आपल्या कानाखालून ती सहज निसटेल.

आता आकडे. 36,417 हा डच वसाहत सरकारने अधिकृत म्हणून दिलेला आकडा आहे. त्यातले बहुतेक लोक लाव्ह्याने गेले नाहीत, किनाऱ्यावर आलेल्या लाटांनी गेले. 1,20,000 हा अंदाज आहे, तो बऱ्याच ठिकाणी उद्धृत होतो. ‘कुठला घेऊ’ असं तू विचारतेस, जणू एकावर टिक करायची आहे. मी 36,417 घेईन आणि त्याच दमात सांगेन की हा आकडा कोणी मोजला. ‘डच सरकारच्या मोजणीप्रमाणे छत्तीस हजार चारशे सतरा.’ मग एक क्षण थांब. शेवटच्या ‘सतरा’वर ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतं की गावंच्या गावं वाहून गेली, तिथे इतकं नेमकं कोणी मोजलं असेल? तो प्रश्न त्याच्या मनात आला की मग मोठ्या अंदाजाचा उल्लेख कर. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आणि आकडे स्क्रिप्टमध्ये अक्षरांत लिही. ‘1883’ हे वाचायला सोपं दिसतं, माइकसमोर ‘अठराशे त्र्याऐंशी’ म्हणून बघ. पहिल्यांदा सरळ म्हणता आलं तर तुझं अभिनंदन. एवढंच एक साल ठेव, बाकीची ‘पाच वर्षांनी’, ‘त्याच्या आदल्या मे महिन्यात’ अशी सांग.

मैत्रिणीच्या स्फोटाबद्दल. 1883 मध्ये आवाज साठवण्याचं यंत्र होतं का? होतं. एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा, पत्र्याच्या पातळ वर्खावर आवाज कोरणारा. त्याच्याही आधी, 1860 मध्ये, एदुआर-लेऑन स्कॉट दे मार्तेंव्हिल या फ्रेंच माणसाने काजळी धरलेल्या कागदावर एका लोकगीताच्या आवाजाची नक्षी उमटवून ठेवली होती. ती ऐकण्यासाठी नव्हती, बघण्यासाठी होती. 2008 मध्ये संगणकाच्या मदतीने तो कागद पहिल्यांदा वाजवला तेव्हा सगळ्यांना वाटलं, एखादी मुलगी गातेय. पुढच्या वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट लागलाय. गाणारा पुरुष होता, बहुधा स्कॉट स्वतःच. प्रत्यक्ष आवाज हातात असून ही गत, आणि क्राकाटोआचा आवाज तर कोणी साठवलेलाच नाही. मैत्रीण जी फाइल उतरवून घेणार आहे ती कुठल्याशा खाणीतल्या सुरुंगाची असेल, नाहीतर एखाद्या गेमसाठी बनवलेली. ती तिथे वाजली की ऐकणारा समजणार, ‘असा होता तर.’ आपण नकळत त्याला खोटं सांगितलं.

शिवाय ती फाइल परिणाम कमी करते. मोबाइलच्या स्पीकरमधून येणारा स्फोट किती मोठा असेल? चटणी वाटायच्या यंत्राइतका. त्यापेक्षा त्या आवाजाने काय केलं ते सांग. सुमारे 65 किलोमीटरवर असलेल्या ‘नॉरहॅम कॅसल’ जहाजाच्या कप्तानाने लिहिलं की निम्म्याहून जास्त खलाशांच्या कानांचे पडदे फाटलेत. बटेव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, गॅसच्या कारखान्यात दाब मोजणारं यंत्र होतं, त्याचा काटा मोजपट्टीच्या बाहेर गेला. हवेच्या दाबाची ती लाट पृथ्वीला अनेक फेऱ्या घालत राहिली आणि जगभरच्या वायुभारमापकांवर दर फेरीला एक छोटी उडी उमटत गेली. त्या उड्या आजही कागदावर बघता येतात. हे एकेक करून, शांतपणे सांग. आणि मुख्य स्फोटाच्या जागी दोन-तीन सेकंद काहीच ठेवू नकोस. पूर्ण शांतता. वर्गात बघ काय होतं.

संगीताला माझी मनाई नाही. सुरुवातीला आणि शेवटाला असू दे, दोन भागांमधला जोड झाकायला असू दे. बोलण्याखाली सतत धडधड नको, विशेषतः मृतांच्या आकड्याखाली नको, अगदी वाईट दिसतं ते. मोफत वापरायची परवानगी असलेलं संगीत घ्या आणि शेवटी रचणाऱ्याचं नाव बोला.

कोळी. या मुद्द्यावर मी तुझ्या बाजूची आहे, पण मैत्रिणीचं म्हणणं झटकून टाकू नकोस, तिला काहीतरी दिसलंय. तुझ्या स्क्रिप्टमधली माणसं बघ : पोलीसप्रमुख, जहाजाचे कप्तान, डच अधिकारी, इंग्रज शास्त्रज्ञ. जे हजारो लोक गेले ते जावा-सुमात्राच्या किनाऱ्यावर राहणारे, आणि त्यांच्यातलं कोणीच बोलत नाही. हे तिला टोचतंय म्हणून तिला कोळी हवाय. पण आपण बनवलेला कोळी आपलीच वाक्यं बोलणार. खऱ्या कोळ्याला तो दुसऱ्यांदा गप्प करणार.

सुदैवाने इथे खरा आवाज आहे. मुहम्मद सालेह नावाच्या माणसाने या आपत्तीवर मलय भाषेत एक दीर्घ काव्य लिहिलं, अरबी वळणाच्या जावी लिपीत. उद्रेकानंतर थोड्याच महिन्यांत ते सिंगापुरात शिळाप्रेसवर छापलं गेलं. ‘स्याइर लाम्पुंग करम’ हे त्याचं नाव, म्हणजे सुमात्रातलं लाम्पुंग बुडालं त्याचं काव्य. युरोपीय कागदपत्रांच्या ढिगात स्थानिक माणसाने लिहिलेला हा दुर्मीळ वृत्तान्त आहे. त्याचं लिप्यंतर झालंय, इंग्रजी अनुवादही शोधल्यास मिळतो. त्यातली चार-सहा कडवी मराठीत आणायचं काम मैत्रिणीला दे. अनुवादावरून अनुवाद आहे हे सांगून टाका आणि तिने ते वाचावं. तिला अभिनय करायचाय ना, मग इथे कर म्हणावं.

आणि कोळी हवाच असेल तर ‘आता आपण क्षणभर कल्पना करू’ हे शब्द उघड बोलायचे, मगच. माझं मत विचारशील तर तेही नको. दहा मिनिटांत कल्पनेला जागा नाही.

एक सावधगिरी. वॉलिस यांचे शब्द किंवा त्या काव्याच्या ओळी एआयला विचारून घेऊ नका. तो मागितलंत तर देईल, अगदी त्या काळच्या वळणाच्या वाक्यांत देईल, आणि त्या ओळी जगात कुठेच नसतील. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1888 मध्ये या उद्रेकाचा जाडजूड अहवाल काढला, जी. जे. सायमन्स त्याचे संपादक. जुना असल्याने तो स्कॅन करून मोफत ठेवलेला आहे. त्यात शोधा, पानाचा क्रमांक टिपून ठेवा. सर विचारतील तेव्हा पान उघडून दाखवता आलं पाहिजे.

तुझ्या पहिल्या पानावर तळाशी ती प्रसिद्ध किंकाळीच्या चित्राची ओळही आहे : नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने रंगवलेलं लाल आकाश क्राकाटोआमुळे. चित्र 1893 चं, उद्रेकानंतर दहा वर्षांनी. 2004 मध्ये काही अभ्यासकांनी हा संबंध जोडला, इतरांनी शंका घेतल्या. तू मात्र सरळ ‘मुळे’ लिहून मोकळी झालीस. सगळे सांगतात म्हणून हे सांगायचा मोह होतो, मलाही झाला असता. पण उद्रेकाच्या धुळीने जगभर सूर्यास्त लालभडक झाले होते, त्या आकाशाचा एक पक्का साक्षीदार आहे. विल्यम अॅसक्रॉफ्ट नावाचा चित्रकार लंडनमध्ये थेम्सच्या काठी बसून संध्याकाळमागून संध्याकाळ रंगीत खडूंनी ते विचित्र सूर्यास्त टिपत राहिला. पाचशेहून जास्त चित्रं. त्यातली काही त्या 1888 च्या अहवालात छापली आहेत. अमेरिकेत तर न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावात क्षितिजावरची लाली बघून लोकांना आग लागली असं वाटलं आणि अग्निशमनाच्या गाड्या निघाल्या. मुंकला सुट्टी दे, अॅसक्रॉफ्टला बोलाव.

आता कात्री. पाचव्या पानावर तू ‘लाउडन’ जहाजाची गोष्ट लिहिली आहेस असं पत्राच्या ताजा कलमात म्हणतेस. मे महिन्यात ज्वालामुखी धुमसायला लागला तेव्हा हेच जहाज बटेव्हियाहून हौशी प्रवाशांना तो बघायला घेऊन गेलं होतं, आणि ऑगस्टमध्ये हेच जहाज लाटेच्या तोंडी सापडूनही वाचलं. लाम्पुंगच्या त्याच उपसागरातलं ‘बेरू’ हे दुसरं जहाज लाटेने उचलून आत, जंगलात नेऊन टाकलं. फार सुंदर गोष्ट आहे. काढून टाक. दहा मिनिटांत एकच धागा पेलतो, आणि आपण आवाजाचा धागा धरलाय : वॉलिस, कानाचे पडदे, गॅसचा काटा, काव्य. लाउडन हा जहाजाचा धागा आहे, त्याचा वेगळा एपिसोड होईल. दोन्ही ठेवलेस तर ऐकणारा एकाही जहाजावर चढणार नाही.

किती शब्द ठेवायचे ते दुसऱ्याला विचारू नकोस. एक पान नेहमीच्या वेगात मोठ्याने वाच, घड्याळ लाव, त्यावरून हिशेब कर. माझा वेग मिनिटाला 115 शब्दांच्या आसपास आहे, म्हणजे दहा मिनिटांना अकराशे-साडेअकराशे. त्यातून थांबण्याच्या जागा आणि संगीत वजा कर, हजारच्या आत ये.

तुझा आवाज. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून येतो आणि कवटीच्या हाडांतूनही येतो. हाडांतून खालचे, भारदस्त सूर जास्त येतात. रेकॉर्डिंगमध्ये हाडं नसतात, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. बाकी सगळे तुझा तोच आवाज रोज ऐकतात आणि कोणी तक्रार केलेली नाही. मैत्रिणीला तिचाही नको वाटत असणार, विचारून बघ. तीन-चार दिवस रोज पाच मिनिटं ऐकलास की कानाला सवय होते. भारदस्त करायला जाऊ नकोस. बातम्या देणाऱ्यांची नक्कल करणारा माणूस दोन वाक्यांत ओळखू येतो.

आवाजापेक्षा खोली महत्त्वाची. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, किंवा सरळ पांघरुणाखाली शिरा. दिसायला वेडगळ आहे, पण काम होतं. पंखा बंद. फोन विमान मोडवर. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरायचा, अगदी समोर नाही, कारण आपले महाप्राण फार फुंकर मारतात. ‘भयंकर स्फोट’ असं माइकसमोर म्हणून बघ : भ-लाही फट्, फ-लाही फट्. (तसाही ‘भयंकर’ काढायचाच आहे.) वाक्य चुकलं तर मधून दुरुस्त करू नकोस. एक टाळी वाजव आणि पूर्ण वाक्य पुन्हा म्हण. एडिटिंगला बसल्यावर टाळीची उंच रेघ स्क्रीनवर लांबूनच दिसते, तिथे कापायचं.

शेवटी अर्धा मिनिट कोणीही न बोलता त्या खोलीतली शांतता रेकॉर्ड करून ठेवा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. मी जी दोन-तीन सेकंदांची शांतता ठेवायला सांगितली तिथे ही भरायची. नुसता तुकडा कोरा सोडलात तर ऐकणाऱ्याला वाटतं फाइल बिघडली.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडून आवाजाच्या वेगाबद्दल दोन वाक्यं घेता आली तर जरूर घ्या. त्यांना ‘आवाज एवढा लांब जाऊ शकतो का?’ असं विचारलंत तर ते ‘हो’ म्हणतील आणि संपलं. ‘एवढ्या लांब जाताना आवाजाचं काय काय होतं?’ असं विचारा आणि मग गप्प बसा. ‘हं, हं’ करायचं नाही, मान डोलवायची. मी माझ्या पहिल्या मुलाखतीत एका वृद्ध बाईंच्या तासभराच्या आठवणींवर इतके मनापासून ‘अच्छा, अच्छा’ केले की त्यातली सलग चार वाक्यंही वापरता आली नाहीत. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा त्यांना तीच गोष्ट पुन्हा तशी सांगता आली नाही.

एडिटिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेल, मोफत आहे. श्वास सगळे कापू नका, माणूस गुदमरल्यासारखा वाटतो. एकदा पूर्ण झालं की हेडफोन काढून, मोबाइलच्या स्पीकरवर, भांडी घासताना ऐका. जिथे नळ बंद करावासा वाटला ती जागा चांगली जमली. जिथे काय चाललंय ते कळलंच नाही तिथे पुन्हा कात्री.

आणि सरांना देताना ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल देऊ नका, ती त्यांच्याकडे वाजणार नाही. एमपी3 म्हणून एक्स्पोर्ट करा, आदल्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर वाजवून बघा, आणि फाइलला दोघींची नावं द्या. ‘फायनल-नवीन-खरंच-फायनल’ नको.